टाकीवर क्लोरीन होतं, आमच्या नळाला नव्हतं (माझा अनुभव)

"नमुना आमच्या माणसासमोर घेतलेला नाही." पाणीपुरवठा ऑफिसातल्या या एका वाक्यापायी आमचे दीड महिने गेले. अजून आठवलं की डोकं तापतं. कुणाला आपल्या गल्लीतलं नळाचं पाणी तपासून घ्यायचं असेल तर त्यांचे तरी तेवढे दिवस जाऊ नयेत म्हणून लिहायलेय.

आमचं तालुक्याचं गाव, मराठवाड्यातलंच, नाव मुद्दाम लिहीत नाही. नळ सहाव्या नाहीतर सातव्या दिवशी येतात, तेही रात्री अडीच-तीनला. गल्लीत चौदा घरं, आमचं शेवटून दुसरं. मिरगाचा पाऊस बरा झाला आणि आखाड संपता संपता गल्लीत चार जणांना कावीळ. त्यात माझा पोरगा. डोळे पिवळे, दोन घास खाल्ले की उलटी. शेजारच्या काकूंची लेक सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आलेली, डॉक्टर म्हणाले तिला आधी इथून हलवा, दूषित पाण्यातून होणारी ती ई कावीळ (हेपॅटायटिस ई) गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. काकूंनी दुसऱ्याच दिवशी लेकीला सासरी पाठवलं, रडत रडत. त्या दिवशी मी ठरवलं की हे आता सोडायचं नाही.

पालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडं गेले. ते वाईट बोलले नाहीत, खोटं सांगते म्हणायला नको. म्हणाले, "ताई, टाकीवर रोज क्लोरीन बघतो आम्ही, रजिस्टर आहे, पाणी एकदम ओके आहे." आणि टाकीवरचं पाणी खरंच ओके होतं! हे मला नंतर कळलं. गडबड टाकीत नव्हती, टाकी ते नळ या रस्त्यात होती.

हे मला दाखवलं आमच्या वॉलमन मामांनी, म्हणजे वॉल फिरवून गल्लीगल्लीला पाणी सोडणारे. एका पहाटे नळ जाताना मला म्हणाले, "नळाच्या तोंडाला तळहात लावून बघ." लावला, तर नळ हात आत ओढायला लागला. सूं सूं आवाज येतो ना नळ गेल्यावर, तो हाच. वॉल बंद केला की उंचावरच्या लाईनमधलं पाणी उताराकडं पळतं, मागं पाइप रिकामा होतो आणि बाहेरचं जे सापडेल ते आत ओढतो. हवा असली तर हवा, पाइप नालीतून गेलेला आणि सडलेला असला तर नालीचं पाणी. मग पाच-सहा दिवस ती घाण पाइपातच, आणि पुढच्या पाळीला पहिल्या धारेबरोबर आपल्या हंड्यात. आमच्याकडं तर प्रेशर नाही म्हणून बहुतेक घरांनी खड्डे खणून जमिनीखाली नळ घेतलेत, त्या खड्ड्यात पावसाचं, धुण्याचं पाणी साचतं आणि नळाचं तोंड त्यात बुडालेलं. वर डायरेक्ट नळाला मोटर. मोटर काय फक्त टाकीतलंच पाणी ओढते का, फट असली तर तिथूनही ओढते. आमच्या घरीपण मोटर होती, त्या दिवशी काढली.

आरोग्यसेविका ताईंकडं ओटीची (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन तपासायचं औषध) बाटली असते, त्यांना विनंती केली, त्या बिचाऱ्या रात्री तीनला आल्या. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, वरून ओटीचे थेंब टाकायचे, क्लोरीन असलं तर लगेच पिवळं होतं. गल्लीच्या तोंडाच्या घरात फिकट पिवळं झालं. आमच्या नळाच्या पहिल्या पाण्यात थेंब टाकले तर पाणी जसंच्या तसं पांढरं. ताईंनी नळी बॅटरीच्या उजेडात धरली, हलवली, परत थेंब टाकले, तरी पांढरंच. वीस मिनिटांनी परत घेतलं तेव्हा कुठं जरासा पिवळा रंग आला. म्हणजे क्लोरीन निघालं होतं टाकीवरून, पण वाटेतल्या घाणीनंच ते खाऊन टाकलं. भारतीय मानकाप्रमाणं नळाला लिटरमागं निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला पाहिजे, ते वाटेतल्या अशाच घाणीसाठी शिल्लक ठेवायचं असतं. (ओटी टाकलेलं पाणी पिऊ नका, जनावरांनाही घालू नका, नालीत ओतून नळी धुवून ठेवा.)

आता प्रयोगशाळा. जिल्ह्याच्या गावी पाणी तपासणीची सरकारी लॅब असते, आपण सामान्य माणसंपण फी भरून नमुना देऊ शकतो, हे आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. जंतूंच्या तपासणीला बिसलेरीची बाटली चालत नाही, लॅबमधूनच निर्जंतुक केलेली बाटली आणावी लागते. आणली. नळ आले, आणि हाताला सवय अशी की मी बाटली आधी विसळली आणि मग भरली. लॅबमधल्या मॅडमनी विचारलं, विसळली का, मी हो म्हणाले, त्यांनी बाटली बाजूला ठेवून दिली. त्या बाटलीत औषध असतं, पाण्यातलं क्लोरीन तिथल्या तिथं मारणारं, म्हणजे रस्त्यात जंतू मरत नाहीत आणि खरी परिस्थिती कळते. विसळलं की ते गेलं. तर बाटली विसळू नका, काठोकाठ भरू नका, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका.

मग पुढची पाळी आली ती शनिवारी पहाटे! लॅब बंद, आणि जंतूंचा नमुना सहा तासांच्या आत, फार तर चोवीस तासांच्या आत बर्फात ठेवून पोचला पाहिजे. त्याच्या पुढच्या पाळीला वॉलमन मामांनी आदल्या दिवशीच सांगितलं की उद्या पहाटे तुमची लाईन आहे. मेडिकलवाल्या भाऊंकडून इंजेक्शनचा थर्माकोलचा डबा घेतला, घरच्या फ्रिजमधला बर्फ पिशवीत बांधला, आणि पहिल्या यष्टीनं निघाले. बाटल्या दोन घेतल्या. नियम सांगतो की दोन-तीन मिनिटं पाणी सोडून द्या आणि मग नमुना घ्या, पण मी एक बाटली पहिल्या धारेची घेतली आणि एक नियमाप्रमाणं, दोन्हींवर चिठ्ठी लावून वेळ लिहिली. कारण लोक हंडे काय दोन मिनिटं थांबून भरतात का, पहिल्या धारेपासूनच भरतात.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. दोन्ही बाटल्यांत कोलिफॉर्म (पाण्यात बाहेरची घाण शिरल्याची खूण असलेले जंतू), पहिल्या धारेच्या बाटलीत ई-कोलाय. "पिण्यास अयोग्य." मानक असं आहे की १०० मिली पाण्यात ई-कोलाय अजिबात सापडायला नको. ई-कोलाय म्हणजे माणसाच्या नाहीतर जनावराच्या आतड्यातला जंतू, म्हणजे सरळ सांगायचं तर संडासाची नाहीतर शेणाची घाण पिण्याच्या पाण्यात.

मला वाटलं झालं काम. कागद घेऊन ऑफिसात गेले, आणि तिथं ते वाक्य ऐकलं. नमुना आमच्या माणसासमोर घेतलेला नाही, तुम्ही हौदातलं पाणी भरलं असेल, बाटलीला हात लावला असेल, हा रिपोर्ट धरता येत नाही. मी म्हणाले, मग पाठवा माणूस. तर म्हणे नळ रात्री तीनला येतात, ऑफिस टाइम पावणेदहा ते सव्वासहा. मग दिवसा नळ सोडा. तर म्हणे लाईट आणि शेड्यूल आमच्या हातात नाही. वॉलमन मामा रात्री तिथंच असतात, त्यांची सही चालेल का? तर ते ठेकेदाराचे, त्यांची सही चालत नाही. सांगा आता! ज्याच्या हातानं अख्ख्या गावाला पाणी सुटतं त्याची सही पाण्याच्या कागदावर चालत नाही. आणि ज्यांची चालते ते झोपलेले. मी तीन आठवड्यांत पाच चकरा मारल्या. एकदा साहेब मिटिंगला, एकदा व्हीसी (व्हिडिओवरची मिटिंग), एकदा म्हणाले फाइल आरोग्य विभागाकडं गेली, तिथं गेले तर म्हणे आमच्याकडं आलीच नाही. आवकच्या खिडकीवर पोच मागितली तर "कशाला पाहिजे ताई, ठेवा ना कागद". पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका. दोन प्रती न्यायच्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर. माझ्या पहिल्या अर्जाची पोच नाही, तो अर्ज आजपर्यंत कुणाला सापडलेला नाही.

या सगळ्यात घरचं चालूच होतं. पाणी गाळायचं, खळखळ उकळू द्यायचं, गार झालं की त्याच पातेल्यात झाकून ठेवायचं. महालक्ष्म्यांचा सगळा स्वयंपाक जारच्या पाण्यावर केला, त्या जारचीपण खात्री नाही, जारवाल्याला तपासणीचा कागद मागितला तर तो दुसऱ्या दिवशीपासून आमच्या दारात थांबेना. सासूबाई म्हणायच्या तुरटी फिरव. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत, हे त्यांना पटायला महिना लागला. आपल्याकडं पाणी किती येतंय याच्यावरच सगळं भांडण असतं, त्याचंही कारण आहेच, एप्रिल २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते आपण बघितलंय. पण आलेलं पाणी शेवटच्या घरापर्यंत कशातून येतं हे कुणीच विचारत नाही.

वाट निघाली ती माहिती अधिकारातून. साधा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, आणि एकच प्रश्न: मागच्या सहा महिन्यांत क्लोरीन तपासणी कुठं कुठं, किती वाजता केली, त्या रजिस्टरच्या झेरॉक्स द्या. भारंभार प्रश्न टाकू नका, एकच टाका आणि नेमका टाका. त्यांना ३० दिवस असतात, मला सव्विसाव्या दिवशी कागद मिळाले. प्रत्येक ओळीत ठिकाण एकच, जलकुंभ. वेळ एकच, सकाळी १०. सहा महिन्यांत एकाही घराच्या नळाचं पाणी तपासलेलं नाही. ते कागद, लॅबचा रिपोर्ट, आणि गल्लीतल्या बायांच्या सह्या घेऊन आम्ही अकराजणी मुख्याधिकारी साहेबांपुढं गेलो. त्यांनी रजिस्टरची चार पानं उलटली आणि तिथल्या तिथं लेखी आदेश काढला की पुढच्या पाळीला स्वच्छता निरीक्षकांनी रात्री हजर राहून नमुना घ्यावा. दहा मिनिटांचं काम होतं! आधीच थेट वर गेले असते तर एवढे दिवस गेले नसते, म्हणून सांगते, खालच्या टेबलावर दोन चकरा झाल्या की तिसरी चकर वरच मारा.

निरीक्षक आले, मफलर बांधून, नमुना घेतला, आम्ही चहा दिला. रिपोर्ट तोच आला. मग खोदकाम दोन दिवसांत.

आमच्या घराच्या अलीकडं एक घर आहे, मालक पुण्याला, आठ-नऊ वर्षं कुलूप. त्यांचं नळ कनेक्शन कधी कुणी बंदच केलं नव्हतं. नालीतली घाण काढली तर तळाला अर्ध्या इंचाचा जुना लोखंडी पाइप, गंजून पापुद्रे सुटलेला, आणि त्याला एका जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा नायलॉनच्या दोरीनं गुंडाळलेला. कुणी कधी बांधला देव जाणे. खोदणाऱ्या पोरानं ट्यूब सोडली तर खाली बोट जाईल एवढं भोक. पाणी चालू असताना तिथून बारीक धार बाहेर, आणि पाणी गेलं की नाली आत.

ते कनेक्शन मेन लाईनच्या फेरूलपाशीच, म्हणजे मेन लाईनवर घराचा पाइप जिथं जोडतात तिथंच, बंद करून घेतलं. हे लक्षात ठेवा, घराच्या दारात बूच मारून उपयोग नाही, मधला पाइप तसाच नालीत राहतो. बाकी घरांचे पाइप नालीच्या वरून घेतले. लाईनच्या शेवटाला वॉशआउट (साचलेली घाण बाहेर सोडायचा वॉल) नव्हता तो बसवून अर्धा तास पाणी सोडून दिलं, आधी काळं, मग तांबूस, मग स्वच्छ. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं जास्तीचं पाणी लाईनमध्ये सोडून ती रात्र कुणी पाणी भरलं नाही. नवरात्राची धुणी निघायच्या आत तिसरा रिपोर्ट आला, ई-कोलाय नाही, कोलिफॉर्म नाही. काकूंनी लेकीला फोन लावला तेव्हा आम्ही सगळ्या तिथंच उभ्या होतो. पोरगा माझा आता नीट जेवतोय.

पहिली पंधरा मिनिटं आम्ही अजूनही सडा-भांड्याला वापरतो, पिण्याचं नंतर भरतो. खड्ड्यातले नळ नऊ घरांनी वर घेतले, चार राहिलेत. सेविका ताईंनी ओटीची एक बाटली गल्लीला दिलीय, ती माझ्याकडं असते. परवाच्या पाळीला पहिल्याच पाण्यात पिवळा रंग आला. मागच्या गल्लीतल्या वहिनींनी बाटली नेऊन बघितलं तर त्यांच्याकडं पांढरंच. त्यांचा अर्ज सोमवारी द्यायचाय, दोन प्रतींत.