बरडावर ३१

रविवारी नऊ होल ३१ फटक्यांत संपवले. आमच्या कोर्सचं पार (ठरलेले फटके) २९, म्हणजे दोनच जास्त. टीव्हीवर गोल्फ बघणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही, पण टीव्हीवाल्यांच्या वाटेत बाजरीची धसकटं नसतात.

कोर्स म्हणजे नानांचं सोळा एकर बरड. धुळ्याच्या दक्षिणेला. चढावर उभं राहिलं की समोर लळिंगचा किल्ला दिसतो आणि आग्रा रोडवरच्या ट्रकांची घरघर ऐकू येते. मुरमाड जमीन, हातभर खाली खडक. खरिपात नाना तिथे बाजरी नाहीतर कुळीथ घेतात, तेही पाऊस मेहेरबान असेल तर. बाजरी निघाली की रान आमचं. मार्चनंतर ऊन असं तापतं की सकाळी नऊनंतर काठीची मूठ धरवत नाही, त्यामुळे खरा हंगाम दिवाळी ते होळी. पुढे नाना वखर घालतात आणि आमचे सगळे होल पुन्हा शेत होतात.

पुण्याचे पाहुणे विचारतात, खान्देशात गोल्फ कुठून आला? देवळालीहून. मी तोफखान्यातला. तिथे पोस्टिंग असताना अधिकाऱ्यांच्या कोर्सवर आधी बॅग उचलायला गेलो, मग संध्याकाळी कोणी नसताना चार चेंडू मारू लागलो. बदलीवर निघालेल्या एका साहेबांनी जुना अर्धा सेट दिला: पाच, सात आणि नऊ नंबरची आयर्न (लोखंडी डोक्याच्या काठ्या), एक वेज (चेंडू उंच उडवायची), एक पटर (होलकडे चेंडू ढकलायची, त्या ढकलीला पट म्हणतात). नियमाने बॅगेत १४ काठ्या चालतात. माझ्या पाच, आणि पाचांतही आयर्न नंबर पाच नुसती शोभेला. बॅग उचलणारा खेळाडू व्हावा हे आपल्याकडे नवं नाही. इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक, १९९१ सालचा अली शेर, दिल्लीला कॅडीच होता. (नाशिकला रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ म्हणा, तो तुम्हाला क्रिकेटच्या मैदानावर सोडतो. आमच्याकडे मैदान खरंच गोल्फचं आहे, तर कोणाला पटत नाही.)

गवताचं ग्रीन, म्हणजे होलभोवतीची गुळगुळीत जागा, ही आमच्यासाठी चैन. जानेवारीत विहिरीचं पाणी कांद्याला पुरवता पुरवता नाकी नऊ येतात, गवताला कोण देणार? म्हणून आमच्याकडे ‘ब्राउन’. नाल्यातली वाळू चाळायची, तिच्यात ट्रॅक्टरच्या गॅरेजमधलं जळकं ऑइल मिसळायचं, खाली ताडपत्री अंथरायची म्हणजे तेल जमिनीत मुरत नाही, आणि वरून धुम्मस करायचं. पाण्याची ओढ असलेल्या भागांत जुन्या कोर्सवर हीच रीत होती, आम्ही काही शोध लावलेला नाही. पट करण्याआधी आपल्या रेषेवर फळी ओढून वाळू सारखी करून घ्यायची. होल म्हणजे शेतातल्या ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा. नियमातलं होल १०८ मिलिमीटर रुंद असतं. आमचा पाइप बाहेरून ११० असला तरी आतून भरतो १०४-१०५. म्हणजे जगातल्या मोठमोठ्या कोर्सपेक्षा आमचं होल तीन-चार मिलिमीटरने अवघड आहे, हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगतो. होलवरचे झेंडे, ते काकूंच्या जुन्या लुगड्याचे.

आता रविवारचं. पहाटे थंडी कडाक्याची. सातपुड्याकडून उत्तरेचा वारा सुटला होता. मी, मास्तर आणि नाना असे तिघे. नाना खेळत नाहीत, पण जमीन त्यांची म्हणून पंच तेच. चेंडू शोधायला नानांचा नातू, सहावीतला. त्याच्याइतकी नजर आमच्या रेजिमेंटमध्येही फार थोड्यांची होती.

तोफखान्यात आम्ही गोळा आधी लक्ष्याच्या पुढे टाकायचो, मग मागे, मग मधलं अंतर निम्मं करत आणायचो. गोल्फमध्ये ही सोय नाही, पहिलाच गोळा मोजतात. पण वारा, चढउतार आणि जमीन बघून पल्ला ठरवायची सवय माझ्या हाडात आहे, आणि इतके दिवस मी ती फक्त अर्धीच वापरत होतो. चेंडू हवेत कुठवर जाईल ते मोजायचो. पडल्यावर काय करील ते देवावर. देवळालीला गवत होतं, चेंडू पडला की थांबायचा. इथला मुरूम चेंडूला फेकून देतो आणि ब्राउनची वाळू त्याला धरून ठेवते. तेव्हा उंच मारून काठावर पाडण्यात अर्थ नाही. अलीकडेच टाकायचा, बुटका मारायचा, आणि पुढचं काम जमिनीला करू द्यायचं. रविवारी सकाळी ठरवूनच निघालो होतो: वेज बॅगेतून काढायची नाही.

पहिला होल नाल्यावरून, ११० यार्ड, वारा पाठीशी. नऊ नंबरऐवजी सात घेतली, अर्ध्या हाताने मारली. चेंडू नाला ओलांडून कोरड्या कडेवर आपटला, तीन टप्पे घेतले आणि ब्राउनवर जाऊन बसला. दोन पट, एकूण तीन. दुसऱ्यावरही तसंच. तिसऱ्यावर धसकटात अडकला, चार. तक्रार नाही, धसकट हे आमचं रफ, म्हणजे कोर्सवरचं वाढलेलं गवत.

चौथा होल सगळ्यात लांब. २५५ यार्ड, पार चार, सरळ लळिंगच्या रोखाने. इथे मास्तर दरवेळी जीव खाऊन मारतात आणि चेंडू उजवीकडे बाभळीत घालतात. मी पाच नंबर काढली, ती शोभेची. बूट चेंडूच्या जरा पुढे, हात पुढे, अर्धा स्विंग. चेंडू कमरेच्या वर गेला नसेल. पण चालला. मुरमावर धूळ उडवत चालतच राहिला. नातू मागे पळत सुटला आणि तिकडून ओरडला, “आजून चाली राह्यना, आजोबा!” वारा आणि उतार यांनी मिळून त्याला १८० यार्डांपर्यंत नेला. माझ्या वयाच्या माणसाने पाच नंबरने हवेतून इतकं मारायचा विचारही करू नये. तिथून सातने एक ढकल, दोन पट, चार. मास्तर तेव्हा बाभळीखाली वाकून काटे बाजूला करत होते.

पाचव्यावर बकऱ्या आल्या. माझा चेंडू ब्राउनच्या अलीकडे दहा पावलांवर थांबला होता. कळप मधून गेला, एका बकरीचा खूर लागला आणि चेंडू घरंगळत उंदराच्या बिळात. बकऱ्यावाले बाबा लांबून हात हलवत म्हणाले, “मी नही, बकरीनी कयं!”

मास्तर म्हणाले, “सुभेदार, चेंडू आहे तिथून खेळायचं. बिळात तर बिळात.”

मी नियमाचं पुस्तक खिशातच ठेवतो. थांबलेला चेंडू जनावराने हलवला तर दंड नाही, मूळ जागी परत ठेवायचा. जागा नक्की ठाऊक नसेल तर अंदाजाने. चालता चेंडू जनावराला लागला असता तर गोष्ट वेगळी, मग जिथे थांबेल तिथून. आणि समजा चेंडू मी स्वतः मारून बिळात घातला असता, तरी जनावराच्या बिळातून दंडाशिवाय बाहेर काढता येतो. मास्तरांनी चष्मा वर करून तो परिच्छेद वाचला. चाळीस वर्षं भूमिती शिकवलेला माणूस, पोटनियमात कुठे फट सापडते का ते शोधत होता. नानांनी निकाल दिला, चेंडू जागेवर. मी वाटेतल्या लेंड्या हाताने बाजूला सारल्या. त्यावरही मास्तरांचा आक्षेप होता, पण जनावराची विष्ठा ही नियमात सुटी वस्तू आहे, दगड-पाचोळ्यासारखी. हलवता येते. इंग्लंडातही मेंढ्यांची कुरणं होतीच की. तीन फटक्यांत होल संपला.

सहाव्याला चार, सातव्याला तीन. भराभर झाले.

आठवा माझा आवडता. ९५ यार्ड, ब्राउन जरा खोलगट, आणि अलीकडे हात दीड हात उंच बांध. बांधामुळे सगळे वेज काढतात. मी बांधाकडे बघत जरा उभा राहिलो. त्याला पलीकडे उतार आहे, पण अलीकडच्या बाजूला बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी तो दबून एक खोबण झाली आहे, चारेक हात रुंद. खोबणीतून चेंडू घातला तर उचलायची गरजच नाही. नऊ नंबर घेतली, चेंडू उजव्या पायासमोर ठेवला आणि फक्त मनगट न मोडता ढकललं. चेंडू खोबणीच्या बरोबर मधून गेला, उतारावर वेग घेतला, वाळूत शिरताच मंदावला आणि झेंड्यापासून सहा फुटांवर थांबला. नातवाने फळी ओढून दिली. झेंडा मी काढला नाही. २०१९पासून झेंडा असतानाही पट करता येतो, आणि आमचा बांबू जाड आहे, चेंडू अडवून आत पाडतो. ठक्क असा आवाज आला, मग पाइपात गुडगुड. दोन फटके. बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक कमी. माझ्या आयुष्यात बर्डी पूर्वी झाली असेल, पण ठरवलं तशीच झाली असं हे पहिलंच.

नववा पार चार, पाच फटके. बोरीच्या झुडपापाशी एक जास्त गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

बेरीज झाल्यावर काकूंनी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी खाली काढली. भरीत ठेचेपर्यंत मास्तरांनी कार्ड दोनदा तपासलं, पेन्सिलीने उभी आणि आडवी बेरीज केली. त्यांचे ३७. मग म्हणाले, ती खोबण म्हणजे शुद्ध लबाडी आहे, पुढच्या रविवारच्या आत आठव्याचा पाइप उपटून बांधाला लागून रोवला पाहिजे.

नानांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, “मंग कुदय तूच लई येजो.”