शेळी कधी गाभडली होती का?

हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झालेल्या पेशंटच्या घरच्यांना मी हा प्रश्न विचारते तेव्हा ते चमकून बघतात. मी मायक्रोबायोलॉजिस्ट. माझ्याकडे येतात त्या पेशंटच्या रक्ताच्या बाटल्या; त्या मशीनमध्ये ठेवायच्या, आत जंतू वाढला की मशीन वाजतं. नेहमीचे स्ट्रेप्टोकोकस, स्टॅफिलोकोकस असले की मशीन बहुधा एक-दोन दिवसांत वाजतं. कधीकधी मात्र दिवसांमागून दिवस जातात, मशीन गप्प. पुष्कळदा कारण साधं असतं: रक्त घेण्याआधीच कुणीतरी अँटिबायोटिक सुरू केलेलं असतं. पण काही जंतूच हट्टी. क्यू फीव्हरचा कॉक्सिएला या बाटलीत वाढतच नाही, बार्टोनेला क्वचित. ब्रुसेला वाढतो, पण सावकाश.

दावणीला शेळ्या-म्हशी असलेल्या घरातला पेशंट असेल तर मला आधी ब्रुसेलाच आठवतो. जनावर गाभडलं की घरचं माणूस उघड्या हातांनी वार ओढतं, तिथून तो शिरतो. नाहीतर कच्च्या दुधातून. धारोष्ण दुधाचं कौतुक मला आता ऐकवत नाही. मग महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप, रात्री दरदरून घाम, कंबरदुखी. टायफॉइड म्हणून औषधं होतात, टीबी म्हणूनही होतात. ब्रुसेलाच्या शंभरातल्या एक-दोघांच्याच झडपेपर्यंत हा जंतू पोचतो, बहुतेकदा महाधमनीच्या. पण या आजारात जे दगावतात, त्यातले बहुतेक याच झडपेपायी. दोन-तीन औषधं मिळून कित्येक महिने घ्यावी लागतात आणि अनेकदा झडपही बदलावी लागते.

ब्रुसेला ओळखायची ‘रोज बंगाल’ नावाची टेस्ट अगदी साधी आहे. पांढऱ्या कार्डावर सीरमचा थेंब, शेजारी गुलाबी अँटिजेनचा (रंगवलेले मेलेले ब्रुसेला जंतू), काडीनं एकत्र करून कार्ड हलवत राहायचं. चार मिनिटांत गुलाबी कण फुटल्या दुधासारखे गोळा झाले की मी टायटर (रक्तात अँटिबॉडी किती, ते मोजणारी टेस्ट) लावते आणि वॉर्डला फोन करते. एवढ्यावर निदान पक्कं होत नाही, पण दिशा मिळते.

डॉक्टर मंडळींना एक कळकळीची विनंती. शंका असेल तर फॉर्मवर ‘ब्रुसेला?’ एवढं लिहाच. हा जंतू हवेतून लॅबमधल्या माणसांना लागतो. लिहिलेलं असलं की माझी टेक्निशियन मुलगी जंतू वाढवलेली प्लेट उघड्या टेबलावर न उघडता सेफ्टी कॅबिनेटमध्ये उघडते. आमच्या फॉर्मवर ‘जनावरांशी संबंध’ हा रकाना मी भांडून घालून घेतलाय. तो कोरा आला तर मी स्वतः वॉर्डात जाऊन विचारते.