मोटर यॉटचा शोध, अपडेट ४: आधी तांडेल, मग बोट

मागच्या अपडेटला अडीच महिने झाले, मधे बरंच काही घडलं, त्यामुळे आज जरा लांबलचक होणार. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: काका-काकूंची ४२ फुटी बोट ११ वर्षं गेटवेसमोर मुरिंगवर (तळाशी साखळीने पक्क्या केलेल्या जागी) आहे, आता काका ६८ चे, काकूंना गुडघ्यांमुळे फ्लायब्रिजचा (वरच्या उघड्या डेकचा) उभा जिना चढवत नाही, आणि नातवंडं धरून सात-आठ जण एकदम निघतात, म्हणून आता मोठी बोट शोधतोय. शनिवार-रविवार मांडवा आणि वर्षातनं एकदा गोवा एवढंच करायचंय, पण नीट करायचंय. बोट बघणं आणि माणसं जमवणं माझ्याकडे दिलंय, आणि खरं सांगतो, गेल्या कित्येक वर्षांत एवढं मन लावून दुसरं काही केलेलं नाही.

यावेळी मी क्रम उलटा केला. बोट ठरायच्या आधी तांडेल, म्हणजे बोट चालवणारा क्रूचा म्होरक्या, ठरवला. आपल्याकडे बोट पाँटूनला (तरंगत्या धक्क्याला) बांधली, शोअर पॉवर (किनाऱ्यावरची वीज) लावली आणि घरी गेलो असं नसतं, ती २४ तास मुरिंगवर लटकत असते, उधाणाला चार-साडेचार मीटर पाणी वर-खाली होतं, रात्री कुणीतरी बोटीवर झोपावंच लागतं. मालक वर्षातनं ४० दिवस येणार, बाकी सगळे दिवस क्रू तिथे राहणार. मग बोट कशी आहे हे पहिलं कुणाला विचारायचं?

तांडेल म्हणजे आमचे चाचा, वय ५८, दाभोळ खाडीतल्या गावचे, आधी ट्रॉलरवर होते, मग २० वर्षं यॉटवर. सारंगाचं (बोट चालवण्याचं) सर्टिफिकेट आहे पण ते दाखवायच्या आधी त्यांनी मलाच विचारलं, "पावसाळ्यात पगार चालू ठेवणार का?" हो म्हटल्यावरच पुढचं बोलणं झालं.

पहिली बोट ७० फुटी, प्लेनिंग हल (वेगात पाण्यावर उचलली जाणारी), १००० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं, सलूनमधे (आतल्या बैठकीच्या खोलीत) शिरल्यावर काकूंचा चेहराच खुलला होता. चाचा सलूनमधे थांबलेच नाहीत. मागे स्विम प्लॅटफॉर्मकडचं हॅच उघडून ते क्रू केबिनमधे उतरले आणि बंकवर आडवे झाले. दोन मिनिटं तसेच पडून होते. मी वरनं वाकून बघतोय तर त्यांचे गुडघे दुमडलेले, डोक्यावर वीतभर अंतरावर स्टिअरिंगचे पाइप, एक छोटं पोर्टहोल तेही न उघडणारं. वर आले आणि काकांना म्हणाले, "शेठ, रात्री जनरेटर बंद केला की इथे मे महिन्यात माणूस झोपणार नाही. तो वर डेकवर जाऊन झोपेल. आणि वर झोपलेल्याला बिल्जचा अलार्म ऐकू जात नाही." (बिल्ज म्हणजे बोटीचा तळ, तिथे पाणी साचलं की हा अलार्म वाजतो.) काका काही बोलले नाहीत, पण परत येताना डिंगीत (छोट्या होडीत) त्यांनी मला हळूच विचारलं, आपल्या जुन्या बोटीवर क्रूची मुलं कुठे झोपायची रे?

दुसरी ६६ फुटी, सेमी-डिस्प्लेसमेंट (पाण्यावर अर्धवटच उचलली जाणारी), ५०० च्या दोन इंजिनांची, दिसायला साधी, पण क्रू केबिनमधे दोन पूर्ण लांबीचे बंक, स्वतःचं टॉयलेट आणि डोक्यावर उघडणारं हॅच. साइड डेक रुंद आणि जिना इतका बसका की काकू न थांबता वर गेल्या. मला स्वतःला आधीपासून हीच आवडली होती, शाफ्ट (पंखा फिरवणारा सरळ दांडा) आणि कील (तळाचा कणा) असल्यामुळे. आपल्या हार्बरमधे जाळी, दोऱ्या, प्लास्टिक एवढं असतं की पॉड ड्राइव्हचं (तळाखाली लटकणाऱ्या, वळणाऱ्या पंख्याच्या युनिटचं) नुसतं टेन्शन, शाफ्टला दोरी गुंडाळली तर खाली डायव्हर उतरतो, सुरीने कापतो, विषय संपला.

डिझेलचंही सांगतो. ७० फुटी २४ नॉट्सला तासाला साधारण ३०० लिटर पिते, म्हणजे मैलाला साडेबारा. ही साडेनऊ नॉट्सला ट्रायलमधे ४५ लिटरच्या आसपास गेली, मैलाला पाचच्या आत. वेग कमी, मान्य. पण गोवा दोनशेहून जास्त नॉटिकल मैल आहे, रात्री दिवे नसलेल्या होड्या आणि पसरलेली जाळी, त्यातून २४ नॉट्सने जायचंय कुणाला? आम्ही पहाटे निघून पहिली रात्र जयगड, दुसरी विजयदुर्ग असं ठरवतोय, दोन्हीकडे आत खाडीत शांत पाणी मिळतं.

या ६६ फुटीच्या सी ट्रायलचा एक प्रसंग सांगायलाच हवा. उरणच्या बाजूला १५ नॉट्सवर होतो, दुपारचा वायव्येचा वारा सुटलेला, बोट मस्त चाललेली, सगळे गेज नॉर्मल. चाचा मागे जाऊन उभे राहिले, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "उजवं इंजिन पाणी कमी फेकतंय." मी बघितलं तर एक्झॉस्टची धार मला सारखीच वाटली. तरी वेग कमी केला, इंजिन बंद केलं, सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद करून स्ट्रेनरचं (त्या पाण्याच्या गाळणीचं) झाकण काढलं, आत दुधाची पिशवी चिकटलेली. टेम्परेचरचा काटा अजून हललाही नव्हता. हे कुठल्याही सर्टिफिकेटवर लिहिलेलं नसतं.

ब्रोकरचं मात्र जड गेलं. बोट बाहेर काढायला तयारच नाही, डायव्हरने काढलेला व्हिडिओ बघा म्हणे. आम्ही अडून बसलो. शेवटी काढली, तर डाव्या शाफ्टचं कटलेस बेअरिंग (शाफ्टला पाण्यात आधार देणारं) झिजलेलं, शाफ्ट हाताने हलवला तर खटखट वाजतोय, आणि स्विम प्लॅटफॉर्मच्या ब्रॅकेटजवळ मॉइश्चर मीटर बराच वर, म्हणजे आत ओल मुरलेली. दोन्ही दुरुस्त होण्यासारखं, त्यामुळे किंमत उतरवून घेतली. मित्रांनो, बोट पाण्याबाहेर काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, समोरचा कितीही गोड बोलू दे.

आता माणसं. एकूण चौघे: चाचा, एक इंजिन ड्रायव्हर आणि दोन खलाशी, त्यातला एक स्वयंपाक करणारा. इंजिन ड्रायव्हर आणि एक खलाशी गुहागरकडचे, म्हणजे गणपती आणि शिमग्याला त्यांची सुट्टी आधीच लिहून टाकली, तेव्हा चाचा आणि दुसरा पोरगा बोट सांभाळणार, ईदला उलटं. या सुट्ट्या धरूनच टीम बांधली तर कुणाला खोटं बोलून पळावं लागत नाही. आणि बारा महिने पगार. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत बोट चालत नाही म्हणून पगार तोडणारे मालक मी बघितलेत, मग १ ऑगस्टला मासेमारी सुरू झाली की त्यांची पोरं ट्रॉलरवर गेलेली असतात. खरं काम तर पावसाळ्यातच असतं, अँटीफाऊलिंग (तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून रंग), झिंक (गंज रोखणारे जस्ताचे तुकडे), स्टर्न गियर (शाफ्ट आणि पंख्याचे भाग), सगळं. काकांनी एका झटक्यात हो म्हटलं.

सध्या बेअरिंग आलंय, बसवायचं चालू आहे. चाचांनी मागितलेल्या गोष्टी: दोन्ही स्ट्रेनरचे जादा बास्केट, क्रू केबिनला २४ व्होल्टचे दोन पंखे, आणि रात्रपाळीच्या माणसासाठी बिल्ज अलार्मचा दुसरा भोंगा. काकूंनी एकच मागितलंय, बोर्डिंगच्या जागी आणखी एक कठडा, तो वेल्डरकडे दिलाय. मुरिंगची साखळी जाड घेतलीय, कारण वजन जवळजवळ तिप्पट होतंय, ती डायव्हरला भांगाच्या भरतीच्या दिवशीच बदलता येईल, पाणी सगळ्यात कमी वर-खाली होतं आणि ओढ कमी असते तेव्हा. पुढची भांगाची भरती नऊ दिवसांनी आहे.