आधी गुडघा, मग पाय

आमच्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भात, जुलै म्हणजे रोवणीची धामधूम. तरी ६ तारखेला बाबा अर्धा दिवस काढायचेच आणि मला सायकलच्या दांडीवर बसवून गोठणगावजवळच्या नोर्ग्येलिंगला न्यायचे. १९७२ साली वसलेली ही तिबेटी वसाहत. हिवाळ्यात इथली कितीतरी माणसं स्वेटर विकायला शहरोशहरी पांगलेली असतात, पण दलाई लामांच्या वाढदिवसाला गाव भरलेलं.

सकाळची प्रार्थना नि भाषणं आम्हा पोरांच्या डोक्यावरून जायची. लोण्याच्या खारट चहाचा पहिला घोट तर मी गिळू की थुंकू या विचारात बराच वेळ तोंडातच धरून ठेवला होता. खरी मजा जेवणानंतर. कुणीतरी द्रानयेन या तिबेटी तंतुवाद्याच्या सहा तारा छेडायचं आणि मैदानात गोल धरला जायचा. गोरशे, म्हणजे त्यांचा गोलातला नाच.

मी दंडार पाहत वाढलेला. पाय दणदण आपटले की नाच झाला, ही माझी समजूत. पहिल्या वर्षी तसाच गोलात घुसलो. शेजारच्या मोलानं (आजीला त्यांच्यात मोला म्हणतात) माझा हात घट्ट धरला. "पायाकडं नको पाहू. गुडघा सैल सोड."

मग दिसायला लागलं. ठोक्यागणिक गुडघा किंचित दुमडतो नि सुटतो, सगळं अंग त्या झोक्यावर हलतं. पाऊल उचलायचं ते त्या सुटण्यातून, जोर लावून नाही. हात तर आपसूक झुलतात, छुपाच्या (त्यांचा अंगरखा) लांब बाह्या त्यांच्या मागोमाग. गोल सरकतो प्रदक्षिणेसारखा. दोन-तीन वर्षं मी नेमका उलट पाय टाकत राहिलो.

मंचावरचा तोशे हा नाच वेगळा. पश्चिम तिबेटातून ल्हासात आलेला हा प्रकार आधी संथ चालतो, मग एकाएकी लय धावते आणि फळ्यांवर बुटांचा ताल तारांशी जुगलबंदी करतो. बाबा एरवी कशानं हलत नसत. तिथं मात्र मांडीवर ठेका धरायचे.

एका वर्षी ऐन रंगात वीज गेली. स्पीकर गप्प, आम्ही पोरं थबकलो. म्हाताऱ्यांचा गोल चालूच. ओल्या मातीवर पावलं एकदम पडत होती, आणि दोन पावलांच्या मधे ती गुडघ्याची जागा, जिथं काहीच वाजत नाही. मोलानं वळूनही पाहिलं नाही. माझा हात तेवढा ओढला.