आधी चर, मग रोप

मखमलाबादला आमच्या मळ्यात कालव्याच्या अंगाला वीस गुंठ्यांचा तुकडा आहे. पाझराचं पाणी तिथे साचायचं आणि उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा खार फुटायचा. अण्णांनी दोनदा द्राक्षं लावली, दोन्ही वेळा पानांच्या कडा करपून वेली गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी रोपं आणलीच नाहीत, निचऱ्याचे चर खणले. दोन पावसाळ्यांत खार धुपला. आज तिथे बाग उभी आहे.

हे सगळं गेल्या जानेवारीत आंध्रात काकीनाड्याजवळ कोरिंगाला आठवलं. नाशकात आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. त्र्यंबकहून निघून १,४६५ किलोमीटर चालून ती समुद्राला मिळते, ते एकदा बघायचं होतं. तिथे तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, जंगल आहे. चिखलातून श्वास घेणारी मुळं बोटांसारखी वर आलेली.

पूर्वी तिथे मोठमोठे पट्टे सरसकट तोडले गेले. उघडी पडलेली जमीन उन्हाने सुकली, खचली, तिची बशी झाली. भरतीचं पाणी आत यायचं, ओहोटीला बाहेर पडायचं नाही. ते आटून मागे मीठ उरायचं, इतकं की तिवरालाही सोसेना. १९९०च्या दशकात शेतीशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांच्या फाउंडेशनने वनखातं आणि गावकऱ्यांना सोबत घेऊन तिथे चर काढले. खाडीला जोडलेला एक मुख्य चर, त्याला दोन्ही बाजूंनी तिरके फाटे, माशाच्या काट्यासारखे. भरती-ओहोटी पुन्हा खेळू लागली, मीठ उतरलं, आणि मग चरांच्या कडेने रोपं लावली.

म्हणून कोकणात असो की आंध्रात, ‘इतकी हजार खारफुटी लावली’ अशी बातमी वाचली की मला पहिला प्रश्न पाण्याचा पडतो. तिथे भरती पोचते का? ओहोटीला पाणी निघतं का? आणि मुळात तिथे कधी तिवरं होती का? ज्या मोकळ्या चिखलावर पाणपक्षी चरतात तिथेच रोपं खोचणं मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. त्या जंगलाखालचा गाळ गोदावरीनेच वाहून नेलेला. आता वाटेतल्या धरणांत बराचसा अडतो, पहिला तर आमच्या गंगापूर धरणातच. तिकडे किनारा झिजतोय.

परतल्यावर अण्णांना फोटो दाखवले. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “खोली किती घेतली रे चरांची?” ते मी विचारलंच नव्हतं. नावाड्याचा नंबर आहे, आज संध्याकाळी लावतो.