गाडीचे पाणी जात होते तरी कुठे? माझा अनुभव

गेल्या फेब्रुवारीत गाडी धुताना बॉनेट उघडले, तेव्हा कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, पांढऱ्या बाटलीतली पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेलेली दिसली. मी घरातल्या नळाचे, म्हणजे आमच्या बोअरचे, लिटरभर पाणी तिच्यात ओतले आणि बॉनेट लावून टाकले. पुढच्या तीन महिन्यांत हेच मी चार-पाच वेळा केले आणि प्रत्येक वेळी, उन्हाळा आहे, पाणी आटणारच, अशी मनाची समजूत घातली. कूलंटची व्यवस्था बंदिस्त असते, तिच्यातले पाणी हौदातल्या पाण्यासारखे उन्हाने आटत नाही, आणि पातळी वारंवार खाली जात असेल तर ते कुठून तरी बाहेर पडत आहे, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. ते आले नाही, म्हणूनच पुढचे सगळे घडले.

मे महिन्यात आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आम्ही धुळ्याहून छत्रपती संभाजीनगरला निघालो. चाळीसगावपर्यंत गाडी उत्तम चालली. कन्नड घाट चढायला लागलो तेव्हा साडेअकरा वाजले होते, एसी चालू होता, गाडीत आम्ही चौघे होतो आणि पुढे एक एसटी अगदी सावकाश चढत होती. तिच्यामागे आमचा वेग पंधरा-वीसच्या वर जात नव्हता. गाडी वेगात असते तेव्हा समोरची हवा रेडिएटर, म्हणजे इंजिनाचे पाणी निववणारी पुढची जाळी, थंड करते. घाटात मात्र इंजिनावर भार पूर्ण असतो आणि हवा जवळजवळ नसते, सगळी भिस्त पंख्यावर राहते. त्यात एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असल्यामुळे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते. नेहमी मध्यावर असणारा काटा दोन वळणांत लाल पट्टीच्या जवळ गेला.

मी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून ब्लोअर जोरात लावला. उन्हाळ्यात हीटर लावणे ऐकायला विचित्र वाटते, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला एक छोटा रेडिएटरच असतो आणि इंजिनाची थोडी उष्णता तो आत ओढून घेतो. गाडीत बसवेना, पण काटा थोडा थांबला आणि रस्त्याकडेला रुंद जागा सापडेपर्यंतचा वेळ मिळाला. मग एक गोष्ट अशी घडली की मी जवळजवळ फसलो होतो. थांबायच्या आधी काटा एकदम खाली आला. गाडी थंड झाली असे समजून मी पुढे निघालो असतो, पण त्याच वेळी बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. पाणी फार कमी झाले की तापमान मोजणारा सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो आणि काटा खोटे सांगतो, हे मला नंतर समजले. चढत गेलेला काटा कारणाशिवाय अचानक खाली आला, तर तो दिलासा समजू नये. इंजिन ताबडतोब बंद करावे.

मी बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला, तेवढ्यात मागून आलेल्या पिकअपवाल्याने गाडी थांबवून हाक मारली, "भाऊ, झाकनले हात लावू नका, पानी अजून उकळी राह्यनं!" त्याचे उपकार मी विसरणार नाही. बंद झाकणाखाली दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि ते एका क्षणात वाफ होऊन तोंडावर, हातावर उसळते. आम्ही पाऊण तास थांबलो. मग जाड फडके ठेवून झाकण पाव फेराच फिरवले, उरलेली वाफ जाऊ दिली आणि इंजिन सुरू करून थोडे थोडे पाणी ओतले, कारण तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी गेले तर हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) बाक येतो किंवा चीर पडते. अडीच लिटर पाणी गेले. आई आणि सौ. मागून आलेल्या एसटीने पुढे गेल्या; मी आणि मुलगा गाडी वळवून हळूहळू चाळीसगावला उतरलो.

चाळीसगावच्या एका गॅरेजात मिस्त्रींनी पाणी भरले, थर्मोस्टॅट काढून माझ्या हातात दिला आणि आता गाडी गरमच होणार नाही, असे सांगितले. आपल्याकडे उन्हाळ्यात हा सल्ला सर्रास मिळतो, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहितो. थर्मोस्टॅट ही मेणाच्या गोळीवर चालणारी एक झडप असते. पाणी साधारण 80 ते 90 अंशांपर्यंत तापले की मेण प्रसरण पावते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. ती काढली की इंजिन सकाळी लवकर तापत नाही, कॉम्प्युटर इंजिन थंडच आहे असे समजून जास्त पेट्रोल सोडतो आणि इंजिनाची झीजही वाढते. काही इंजिनांत तर याच झडपेचा खालचा भाग बायपासची, म्हणजे रेडिएटरला वगळून जाणारी, वाट बंद करत असतो. झडप काढल्यावर बरेचसे पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत राहते आणि गाडी उलट जास्त तापते. माझ्या बाबतीत गाडी धुळ्याला सुखरूप पोचली, पण आठवडाभरात अ‍ॅव्हरेज घसरले आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. स्कॅनरवर पी0128 हा कोड आला, म्हणजे इंजिन अपेक्षित तापमानाला पोचत नाही. आणि बाटलीतले पाणी पूर्वीइतकेच कमी होत होते.

धुळ्यातल्या दुसऱ्या गॅरेजात बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल मिळाला: हेड पॅकिंग (हेड आणि इंजिन यांच्यामधले सील) गेले आहे, हेड उतरवून फेस करावे, म्हणजे घासून सपाट करावे लागेल, अठरा हजार खर्च येईल. हे खरे असू शकले असते, कारण घाटात गाडी चांगलीच तापली होती. पण हेड पॅकिंग गेल्याच्या खुणा असतात: डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेस, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर, थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये उठणारे बुडबुडे. यांतले काहीच मला दिसले नव्हते. मी गाडी परत आणली. इतक्या मोठ्या कामाला हो म्हणण्याआधी ते कशावरून ठरवले, एवढे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि उत्तर अनुभवाच्या नावाखाली टाळले जात असेल तर गाडी तिथे सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

धुळ्यातल्याच देवपुरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे शेजाऱ्यांनी पाठवले. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी इंजिन सुरूही करू दिले नाही. "भाऊ, गाडी रातभर इथंच राहू द्या. गरम गाडीत गळती दिसत नाही, पाणी पडल्या पडल्या वाळून जातं," एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पोचलो, तेव्हा ते आरशाचा तुकडा आणि टॉर्च घेऊन तयार होते. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी त्यांनी सायकलच्या पंपासारखा हातपंप बसवला, त्यावर दाबाचे घड्याळ होते. जुन्या झाकणावर 1.1 असा दाबाचा आकडा (बारमध्ये) छापलेला होता. तेवढाच दाब त्यांनी भरला, जास्त नाही, कारण जास्त दाबाने चांगले पाइपही फुटतात. मग आम्ही दोघे चहा घेत घड्याळाकडे पाहत बसलो. दहा मिनिटांत काटा 0.8 वर आला.

नानांनी आरसा इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या पुलीखाली धरला. या पंपाला गॅरेजात वॉटर बॉडी म्हणतात. पुलीच्या मागे, जुवारीच्या दाण्याएवढे एक छिद्र होते आणि त्याच्या खाली गुलाबी, मिठासारखी खपली जमली होती. पाहता पाहता त्या छिद्राच्या कडेवर एक थेंब फुगला, खपलीवरून घसरला आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला नाहीसा झाला. तीन महिने माझे पाणी इथून जात होते. गाडी चालू असताना ते गरम इंजिनावर पडून वाळायचे, म्हणून पार्किंगमध्ये फरशीवर कधी डाग दिसला नाही. ते छिद्र पंपात मुद्दाम ठेवलेले असते. पंपाचे सील झिजले की गळणारे पाणी बेअरिंगमध्ये शिरू नये म्हणून ते तिथून बाहेर पडते, आणि बाहेर पडलेला तो थेंब हीच पंप बदलण्याची सूचना असते.

नाना तिथेच थांबले नाहीत, याचे मला विशेष वाटते. त्यांनी तोच हातपंप झाकणाला जोडून पाहिला, 1.1 चे झाकण 0.6 लाच सुटत होते, त्याचे रबर कडक होऊन त्याला चिरा गेल्या होत्या. अर्धे पाणी आणि अर्धे कूलंट असे मिश्रण उघड्यावर 107 अंशांच्या आसपास उकळते. झाकणाने पूर्ण दाब धरला तर तेच सव्वाशे अंशांच्या पुढे जाते. माझ्या गाडीत झाकण अर्धाच दाब धरत होते आणि सतत बोअरचे पाणी भरल्यामुळे कूलंटही पातळ झाले होते, म्हणजे ही सगळी राखीव ताकद मीच घालवली होती. शेवटी त्यांनी रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून इंजिन चालवले. इंजिनातला धूर पाण्यात मिसळत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. तो निळाच राहिला. हेड पॅकिंग शाबूत होते.

गाडीतून काढलेले पाणी विटकरी रंगाचे होते आणि थर्मोस्टॅटच्या जागेत पांढरी खर बसली होती, आमच्या गीझरच्या कॉइलवर बसते तशीच. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये असेच बसतात आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. आपल्याकडे हे जास्त जाणवते, कारण रेडिएटर किती उष्णता टाकतो ते पाणी आणि हवा यांच्यातल्या फरकावर अवलंबून असते: पाणी 95 आणि हवा 25 अंश असेल तर फरक 70 चा, हवा 45 झाली की 50 चा. तोच रेडिएटर मे महिन्यात जवळपास तीन दशांश कमी काम करतो. त्यात नळ्या खरीने भरलेल्या असतील तर घाटात काय होणार! काढलेले कूलंट नानांनी गटारात न सोडता झाकणाच्या कॅनमध्ये भरले. ते चवीला गोड असते आणि विषारी असते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात. घरी कूलंट काढणाऱ्यांनी हे कृपा करून लक्षात ठेवावे.

पंप, झाकण, पट्टा आणि नवा थर्मोस्टॅट बसला. पाणी स्वच्छ येईपर्यंत आतून धुतले आणि कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रकाराचे तयार मिश्रण भरले. कूलंटच्या रंगावर विसंबू नये. हिरवा, गुलाबी, निळा हे रंग बनवणारा ठरवतो आणि दोन वेगळ्या प्रकारांचे मिश्रण केले तर आत गाळ होऊ शकतो. सर्वांत जास्त वेळ आत अडकलेली हवा काढण्यात गेला. गाडीचे तोंड उंचावर ठेवले, हीटर पूर्ण गरमवर लावला आणि झाकण उघडे ठेवून इंजिन चालू दिले. बराच वेळ बुडबुडे येत राहिले. नानांनी माझा हात वरच्या होज पाइपवर ठेवला. तो कोमट होता, आणि मग एकदम असा तापला की हात काढावा लागला. "वॉल्व उघडला," ते म्हणाले. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत त्यांनी गाडी सोडली नाही. मजुरीसह खर्च सहा हजारांच्या आत आला.

आता दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, मी बाटलीवरची पातळी पाहतो. भरल्यानंतरची पातळी मार्करने रेघ मारून ठेवली आहे, म्हणजे बोटभर फरकही लगेच कळतो. वाटेत नाइलाज झाला तर साधे पाणी घालावेच, पण नंतर ते काढून योग्य मिश्रण भरावे. घरी वरून घालायला मी डिस्टिल्ड वॉटर आणून ठेवले आहे. एसी सुरू केल्यावर रेडिएटरचा पंखा लागतो की नाही, हे बॉनेट उघडून ऐकतो. नानांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती खानदेशातल्या प्रत्येकाने पाहावी: कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत कापसाचा भुगा, धूळ आणि किडे यांची गोधडीसारखी पट्टी बसलेली होती. कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरमागून हिवाळाभर गाडी चालवल्यावर ती बसणारच. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, साध्या नळाच्या धारेने ती धुवावी. वॉशिंगच्या प्रेशरने पातळ पत्रे वाकतात आणि हवेची वाट बंद होते. ज्यांच्या गाडीत काटाच नाही, फक्त तापमानाचा लाल दिवा आहे, त्यांनी तो दिवा लागताच थांबावे, कारण त्यांना आधीची सूचना मिळतच नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आईला पुन्हा तपासणीला न्यायचे होते. पाऊस आला नव्हता, ऊन तसेच होते. त्याच घाटात एका टेम्पोच्या मागे अडकलो आणि मी एसी बंद करायला हात पुढे केला, तेव्हा मागून आई म्हणाली, "राहू दे रे, काटा पाह्य आधी." काटा मध्यावर होता. कन्नडला पोचल्यावर तासभर थांबून, इंजिन निवल्यावर, बॉनेट उघडून पाहिले. पातळी मार्करच्या रेघेवरच होती.