चिमटो लाव मगे!

"बोर्ड धरूक माका कित्याक बोलवतंस? चिमटो लाव मगे!" दोरीवरचे कपडे काढता काढता आई म्हणाली.

मी सोल्डरिंग करताना सर्किट बोर्ड धरून ठेवणारा स्टँड ऑनलाइन शोधत बसलो होतो.

फणसाच्या फळीवर लाकडी चिमटे स्क्रूने बसवले. बोटीच्या चार्जरचा बोर्ड जागचा हलेना! शिवाय धातूची क्लिप तांब्याच्या पट्टीवर बसली की सोल्डरिंगची उष्णता ओढून घेते, लाकूड फारशी घेत नाही. ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ अंश सेल्सिअसला वितळतं खरं, पण पट्टीच नीट तापली नाही तर जोड कच्चा. आणि मालवणच्या खाऱ्या हवेत कच्च्या जोडाची काय कथा!

आयटीआयत हे कुणी सांगितलं नव्हतं. (चिमटे मात्र आईला परत हवेत.)

तुम्ही बोर्ड कशात धरता?